पाणी कुठल्या घरी मागायचं

सुरतीसिस्टर डोंगरातल्या कुठल्याही पाड्यावर पोचल्या की त्यांना आधी तहान लागायची. पिशवीत भरलेली बाटली असायची, तरी जीपमधून उतरल्या की कमरेवर हात ठेवून मोठ्याने विचारायच्या, "पाणी कोण देतं गं?" आणि उत्तराची वाट न बघता चालायला लागायच्या. बायका हसत तांब्या घेऊन पुढे यायच्या. सिस्टर म्हणायच्या, "इथे नको, त्या घरी पिते," आणि पुढच्या घराकडे वळायच्या, मग त्याच्या पुढच्या. असं करता करता एखाद्या घराकडे पाऊल पडलं की मागची कुजबुज एकदम बंद व्हायची. कोणीतरी घाईने म्हणायचं, "तिथे पाणी नाही, तिकडे नका जाऊ." कोणी हाताला धरून दुसरीकडे न्यायचं. मग सिस्टर मान वळवून माझ्याकडे बघायच्या. त्या गावाने डाकण कोणाला ठरवलंय, ते त्यांना कळलेलं असायचं.

ज्यांनी डोंगर बघितलेला नाही त्यांना सांगतो. पाड्यात एखादं पोर दगावतं, एखाद्याची म्हैस आटते, एखादा तरुण ऊसतोडीहून परत येतो आणि रात्रंदिवस भिंतीशी बोलत बसतो. मग कोणामुळे, हा प्रश्न निघतो. उत्तरात बहुतेक वेळा एखादी विधवा असते, बहुतेक वेळा तिच्या नावावर थोडं शेत असतं आणि त्या शेताच्या बांधाला दिराचं शेत असतं. एकदा डाकण हे नाव पडलं की ते धुतलं जात नाही. त्या बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढतात, कधी त्याहून वाईट होतं.

तर सिस्टर त्याच घरी जायच्या. चपला काढताना त्यांची टोकं रस्त्याकडे करून ठेवायच्या आणि सगळ्या पाड्याच्या देखत ओट्यावर बसून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायच्या. चपलांचं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पळायची वेळ आली तर फिरवत बसायला नको." त्या हे हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसणारा माणूस. गाव शहाद्याकडे, तापीच्या सपाटीवर, घरी बोलायला अहिराणी. डोंगर मी नोकरी लागेपर्यंत लांबूनच बघितलेला, मग जीप वर निघाली की औषधांची पेटी घेऊन मीही जायला लागलो. सिस्टरही तशा या डोंगरातल्या नव्हेत. त्या चिंचपाड्याकडच्या, भिल्लच, पण त्यांची बोली इथल्या बोलीहून जरा वेगळी. सुरती गावित. एका मोठ्या शहरातल्या मनोरुग्णालयात त्यांनी ऐन उमेदीची वर्षं काढली आणि मग स्वतः मागून आमच्याकडे बदली घेतली, तेव्हा आम्हाला वाटलं बाईचंच डोकं ठिकाणावर नसावं. अक्कलकुव्याला लोक शिक्षा म्हणून येतात.

आल्या आल्या त्यांनी आपल्या खोलीतलं टेबल बाहेर काढलं. खुर्च्या बाहेर काढल्या. 'मानसिक आरोग्य कक्ष' अशी पाटी होती ती उतरवून माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. मी म्हटलं, "सिस्टर, हे सरकारी आहे." त्या म्हणाल्या, "डोंगरातल्याला ती वाचता येत नाही आणि सपाटीवरचा ती वाचून पळतो. मग ती आहे कोणासाठी?" खोलीत चटई टाकली आणि स्वतः भिंतीला पाठ लावून बसल्या, दार नजरेसमोर ठेवून. बसल्या बसल्या भाजलेले चिंचोके फोडत. दिवसभर भिंतीपलीकडून तो कडकड आवाज यायचा आणि माझं डोकं उठायचं.

सपाटीवरच्या लोकांना त्या जास्त छळायच्या. एकदा मोठ्या घरची एक सासू सुनेला घेऊन आली, गाडीच्या काचांना पडदे. सून तीन वेळा हाक मारली तरी वर बघेना. सासू म्हणे, "आमना घरमा असं काही नही शे. तिले फक्त झोप लागत नही. गॅस वर चढस." सिस्टर म्हणाल्या, "मावशी, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? डोंगरातला भूत म्हणतो, तुम्ही गॅस म्हणता. पोरगी तीच." सासू उठून उभी राहिली, पण सुनेने पहिल्यांदा मान वर केली होती. ती सून नंतर वर्षभर येत राहिली, काचांना पडदे तसेच.

सिस्टर सगळं बरोबरच करत होत्या असं नाही. जिल्ह्याहून ठरलेल्या दिवशी मनोविकाराचे डॉक्टर यायचे, तरुण आणि मनापासून काम करणारे. त्यांच्याशी सिस्टरची दर खेपेला वादावादी. एका बाईला मेलेली मुलगी हाक मारते असं ऐकू यायचं. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे. सिस्टर म्हणाल्या, हे दुःख आहे, गोळी कशाला, रडू द्या तिला. त्या हट्टाला पेटल्या आणि गोळी लांबली. ती बाई एका दुपारी त्या हाकेमागे विहिरीपर्यंत गेली. लोकांनी ओढून काढली म्हणून वाचली. सिस्टर दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला जाऊन डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचं खरं होतं." त्यानंतर वाद घालायचं मात्र सोडलं नाही.

आता रुमशाचं सांगतो. काठी गावाच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. नाव लिहीत नाही, ती माणसं तिथे अजून राहतात.

रुमशा तिशीतला गडी, गुजरातेत ऊसतोडीला जायचा. एका वर्षी तिथून आला तो वेगळाच होऊन. झोप नाही, खाणं नाही. म्हणायचा, काकी माझ्या छातीत बसून बोलते, माझं काळीज चावते. काकी म्हणजे त्याच्या मेलेल्या काकाची बायको, खेमी. पाड्याच्या टोकाला एकटी राहणारी. त्याने नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माणसं कोयते घेऊन तिच्या घरी गेली. खेमी मागच्या कुडातून निसटून जंगलात पळाली, पळताना पडली, हात मोडला. इकडे रुमशाला भावांनी खाटेला बांधून पिकअपमधून आमच्या दवाखान्यात आणलं. दोघं एकाच दिवशी दाखल झाली. एकीकडे तो, दुसरीकडे ती आणि मधे माझी औषधाची खोली. सिस्टर दिवसभर या दारातून त्या दारात.

रुमशा गोळी घेईना. म्हणे, "औषध आजारी माणूस खातो. मी आजारी नाही. मला खाल्लंय." डॉक्टरांनी समजावलं, भावांनी दम दिला, त्याने तोंड मिटून घेतलं. सिस्टर त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. "भाकर कोण खातो? आजारी माणूस?" तो म्हणाला, "सगळेच खातात." "मग ही भाकर आहे. औषध म्हणून खाऊच नको. रोजची भाकर म्हणून खा." त्याने बराच वेळ गोळीकडे बघितलं आणि घेतली. सिस्टर माझ्या खिडकीशी आल्या तेव्हा त्यांचं तोंड लहान पोरीसारखं फुललं होतं. त्यानंतर त्यांच्या खोलीतली भाषाच तशी झाली. गोळी कोणी म्हणेना. आलेल्याला पहिला प्रश्न, "भाकर रोज घेतो ना?" डोंगरातली जी माणसं औषधाला बिचकायची ती भाकरीला बिचकत नव्हती. डॉक्टरांनाही ते आवडलं, तेही तसंच बोलायला लागले.

रुमशा बरा झाला. नुसता बरा नाही, शहाणा झाला. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने स्वतः जाऊन खेमीचं घर शाकारून दिलं. सिस्टरनी ते दाखवायला मला मुद्दाम नेलं. खेमी बोलायला फटकळ. वाकडा जुळलेला हात नाचवत मला म्हणाली, "बस ना पाटील, घाबरतो काय? भूक लागल्याशिवाय मी माणूस खात नाही." सिस्टर इतक्या हसल्या की चिंचोका घशात अडकला. तिने आम्हाला वरईचा भात आणि उडदाची डाळ वाढली. मी जेवलो, पण पाठीमागे पाड्यातली माणसं दारात उभी राहून आम्हाला जेवताना बघत होती आणि त्यांच्यातलं कोणी हसत नव्हतं. जीपवाला सुकदेव तर उतरलाच नाही. परतताना म्हणाला, "सिस्टर, तुमी त्या घरनं खाऊ-पिऊ नका. पाण्यामा राहीसन माशासंगे वैर कसाले?"

सिस्टर म्हणाल्या, "मासा कोण आहे, तेच बघतेय."

मग फाल्गुन आला. डोंगरात फाल्गुन म्हणजे होळी आणि होळी म्हणजे काठी. ज्यांनी नवस केलेला असतो ते बावा होतात. अंगावर राखेचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरं. पण त्याआधी पाळणी असते. बावाने जमिनीवर झोपायचं, बाईला शिवायचं नाही, दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, आपलं आपण रांधून खायचं. बहुतेक जण थोडे दिवस पाळतात. रुमशाच्या आईने त्याच्या आजारपणात नवस बोलला होता, पोरगा बरा झाला तर होळीला बावा होईल, पुनवेपासून पुनवेपर्यंत पाळेल. पोरगा बरा झाला होता. आता तो नवस फेडायचा होता.

त्या महिन्यात रुमशाची पुडी माझ्या खिडकीत तशीच राहिली. मी सिस्टरना म्हटलं, "तुमचा रुमशा आला नाही." त्यांच्या हातातला चिंचोका तसाच राहिला. म्हणाल्या, "चला."

आम्ही गेलो. पानं झडून डोंगर उघडे पडले होते, मोहाची फुलं पडायला लागली होती आणि कुठून कुठून ढोल वाजत होते, तालीम चालू होती. रुमशा पाड्याबाहेर एका मोहाखाली एकटा बसला होता. तीन दगडांची चूल, एक मडकं. दाढी वाढलेली. मोरपिसं एकेक करून बांबूच्या कामटीला बांधत होता. सिस्टर लांबच उभ्या राहिल्या, त्याची पाळणी त्यांनाही ठाऊक होती. तिथूनच विचारलं, "रुमशा, भाकर घेतोस ना?"

तो हसला. चांगला, प्रेमाने हसला. भिलीत बोलला ते मला अर्धंच कळलं, सिस्टरनी नंतर सांगितलं. "पाळणीत आहे सिस्टर. दुसऱ्याच्या हातची भाकर कशी चालेल? तूच म्हणालीस ना, ही भाकर आहे."

मी सिस्टरकडे बघितलं तर चेहरा राखेसारखा झाला होता. रुमशा पुन्हा पिसं बांधायला लागला. पण मधेच हात थांबायचा, मान एका बाजूला कलायची आणि तो ऐकत राहायचा. ती मान कलत होती ती खेमीच्या घराच्या बाजूला. डोळे लाल होते. मी फार काही शिकलेला नाही, पण एवढं मलाही कळलं.

परतताना जीपमधे सिस्टर एवढंच म्हणाल्या, "मीच शिकवलं त्याला."

पहिल्या वेळी रुमशा एक वेडा माणूस होता, तरी त्याच्या शब्दावर कोयते निघाले. आता तो बावा होता. देवाच्या नावाने नेमात असलेला माणूस. बावाच्या तोंडून होळीपुढे एखादं नाव निघालं तर ते कोण खोटं म्हणणार? आणि ते नाव कोणाचं असेल हे आम्हाला ठाऊक होतं.

डॉक्टर आले तेव्हा सिस्टरनी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, इंजेक्शन देऊ, एकदा दिलं की महिनाभर बघायला नको. सिस्टर म्हणाल्या, पाळणीत अंगाला सुई कशी लावू देईल, रक्त निघेल. डॉक्टर म्हणाले, मग त्याच्या मडक्यात मिसळा. ते वाईट बुद्धीने बोलत नव्हते, त्यांनाही खेमी दिसत होती. सिस्टर म्हणाल्या, "एकदा चोरून घातलं आणि कळलं, तर या डोंगरात पुन्हा कोणी माझ्या हातचं घेणार नाही. आणि त्यांचं बरोबरच असेल." डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. पोलीस म्हणाले, होळीला काठीत बंदोबस्त असतोच, पण पाड्यावर एका बाईच्या दारात माणूस बसवता येणार नाही.

सिस्टर पुंजाऱ्याकडे गेल्या, म्हणजे गावाची देवपूजा करणाऱ्याकडे. म्हातारा, कानाने जड, पण डोक्याने साफ. सिस्टरना वाटलं होतं, तो ऐकायचाच नाही. त्याने सगळं ऐकलं. "मलाही दिसतंय त्याचं," म्हणाला. "पण नवस मी बोललो नाही, मी सोडवूही शकत नाही. होळी पेटू दे, त्याचे फेरे होऊ दे. त्याच क्षणी मी माझ्या हाताने त्याच्या तोंडात तुझी भाकर घालतो." सिस्टरनी त्याच्या हातात गोळ्यांची पुडी दिली. त्याने ती पागोट्यात खोचली.

म्हणजे होळी पेटेपर्यंत खेमीला जपायचं होतं, एवढंच. सिस्टर तिला म्हणाल्या, "तळोद्याला भावाकडे जा. होळी झाली की ये." खेमी म्हणाली, "होळीला गावातून पळाली तर काय म्हणतील? आग सोसत नाही म्हणून पळाली. परत आले की घर राहील का?" तिचंही खोटं नव्हतं. राहिली तर जीव जाईल, गेली तर नाव पक्कं होईल. सिस्टर त्या दिवशी ओट्यावर खूप वेळ बसून राहिल्या. मग दवाखान्यात येऊन रजेचा अर्ज दिला आणि कपड्यांची पिशवी घेऊन खेमीच्या घरी राहायला गेल्या.

मी खरोखर घाबरलो. जीपपर्यंत मागे गेलो, मराठीही सुचेना. "सिस्टर, तुमी तठे राहू नका. माले हाई लक्षण बरं नही दिखी ऱ्हायनं."

"मालेबी नही दिखत, पाटीलभाऊ," त्या माझ्याच बोलीत म्हणाल्या. "म्हणून तर जाते."

काठीची होळी पहाटे पेटते. मी दरवर्षी टाळायचो, त्या वर्षी गेलो. उजाडायच्या आधीचा राखाडी उजेड होता. माणसंच माणसं, ढोल असे की पायाखालची जमीन हलते. मधोमध उंच बांबू उभा केलेला. सिस्टर आणि खेमी मला पोलिसांच्या दोरखंडाजवळ सापडल्या. सिस्टरनी मुद्दाम ती जागा धरली होती. "झोपडीत दोघीच होतो, इथे निदान खाकी कपडे दिसतात," म्हणाल्या. खेमीने नवं लुगडं नेसलं होतं. तिने मला ओळखलं पण थट्टा केली नाही.

होळी पेटली. आग सरसर वर चढली, लोकांनी आरोळी दिली आणि बावांचे फेरे सुरू झाले. पांढऱ्या ठिपक्यांची अंगं, मोरपिसं, घुंगरं, सगळे सारखेच दिसत होते. पुंजारा काठी टेकत पलीकडे उभा होता, हात पागोट्याशी. मला वाटलं, झालं, आता सुटलो.

फेऱ्यातला एक बावा थांबला. मागचे त्याला धडकले आणि बाजूने निघून गेले. तो रुमशा होता. मान कलती, ओठ हलत होते. तो फेरा सोडून आमच्याकडे चालत आला आणि दोरखंडापाशी येऊन त्याने हात वर केला. बोट दोघींच्या दिशेला. "ही," तो म्हणाला. "ही खाते मला."

ढोल वाजतच होते. त्याच्या पाड्याची माणसं तिथेच होती. ती सगळी खेमीकडे वळली. बायकांनी पोरं ओढून मागे घेतली आणि दोघींभोवती जागा मोकळी झाली. खेमी खाली बसली. एका माणसाच्या हातात धारिया होता, लांब दांड्याचा कोयता, होळीला सगळेच नाचवतात तसा. तो आता नाचवत नव्हता. पोलीस चार पावलांवर होता आणि त्याला अजून काही कळलंच नव्हतं.

सिस्टर दोरखंड उचलून पुढे झाल्या. रुमशाच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे ते बोट आता त्यांच्या छातीला लागत होतं. आणि ढोलावरून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"बरोबर ओळखलंस. मीच."

कोणी हललं नाही.

"हिच्या हातचं तू कधी काही खाल्लंस? आठव. माझ्या हातचं खाल्लंस. वर्षभर रोज माझ्या हातचं खाल्लंस. मग छातीत कोण बसेल, ही का मी?" मग त्या पाड्याच्या माणसांकडे वळल्या. "हिच्या घरात मी उगाच राहते का? हिला मी धरलंय. हिला सोडा. मी आहे."

त्या भिलीत बोलत होत्या, मला हे सगळं तेव्हा पुरतं कळलं नाही, माणसांच्या चेहऱ्यांवरून कळलं. ते चेहरे खेमीवरून निघून सिस्टरवर आले. ज्यांच्या पोरांना सिस्टरनी सांभाळलं होतं अशी माणसं त्यात होती. कुठूनतरी दगड आला आणि त्यांच्या कपाळाला लागला. त्या पडल्या नाहीत. मग मात्र पोलीस धावले, पुंजारा काठी आडवी धरून मधे शिरला, सुकदेवने जीप गर्दीत घातली आणि आम्ही सिस्टरना उचलून आत टाकलं. मागे बघितलं तर म्हाताऱ्याने रुमशाला खांद्याला धरून राहिलेले फेरे पुरे करायला लावले होते. मग त्याने पागोट्यातून पुडी काढली. शब्द पाळला त्याने.

रुमशा परत बरा झाला. आता तो सगळ्यांना सांगतो की सिस्टर डाकण नाही, तो माझा आजार होता. लोक मान डोलवतात आणि तो गेल्यावर म्हणतात, हे तीच त्याच्याकडून बोलवून घेते. खेमीकडे मात्र माणसं यायला लागली. म्हणायची, हिचं नाव उगाच घेतलं होतं, खरी डाकण ती सिस्टर होती. दिराने तिच्या शेतात सरकवलेला बांध मागे घेतला. लग्नाला बोलावणं येतं.

दवाखान्यात माझ्या खिडकीशी येणारी माणसं पुडी घेण्याआधी विचारायला लागली, "हिला तिने हात लावलाय का?" मला इतका राग यायचा की पुडी तोंडावर फेकावीशी वाटायची. डॉक्टर म्हणाले, आपण सभा घेऊ, पंच बोलावू, सिस्टर स्वतः सांगतील की असं काही नसतं. कपाळावर टाक्यांची खूण घेऊन सिस्टर चटईवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी नाही म्हटलं तर ते बोट जाईल कुठे? परत तिच्याकडेच. ते नाव त्या पाड्यात कोणाकडे तरी राहणार, डॉक्टर. तुम्ही वीस वर्षं सभा घ्या, मीही म्हणते घ्या, तोवर ते माझ्याकडे राहू द्या. मला तिथे घर नाही."

"आणि तुमचं काम?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुसरी सिस्टर आणा."

आणली. नवीन सिस्टर चांगली आहे, चटईवर बसते. तिच्याकडे सुरतीसिस्टरपेक्षा जास्त माणसं येतात, कारण डाकण गेली. हे मी सुरतीसिस्टरना कधी कळवलं नाही, पण त्यांना ठाऊक असणार. बदली त्यांनी स्वतःच मागून घेतली होती, पुन्हा त्या जुन्या मनोरुग्णालयात.

त्या निघाल्या त्या दिवशी मी त्यांची ट्रंक घेऊन अक्कलकुव्याच्या स्टँडवर गेलो. मोलगीकडून आलेली नंदुरबारची बस होती, डोंगरातल्या माणसांनी खच्चून भरलेली, पायरीपर्यंत उभी. सिस्टर चढल्या. आत एक कुजबुज मागून पुढे सरकत गेली. मधल्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते, ती दोघं उठून उभी राहिली आणि गर्दीत मागे रेटत गेली. रिकाम्या बाकावर सिस्टर खिडकीपाशी बसल्या. मी खालून ट्रंक आत सरकवली. एवढ्या चेंगराचेंगरीत त्यांच्या शेजारची जागा मोकळीच राहिली.

मग मला गर्दीत खेमी दिसली. तळोद्याला भावाकडे निघाली असावी, डोक्यावर गाठोडं होतं. तिने सिस्टरना बघितलं. गाठोडं खाली घेतलं, वाकड्या हाताने माणसं बाजूला सारत बाकापर्यंत आली आणि बसायला वाकली.

सिस्टरनी तिच्याकडे बघितलं नाही. मांडीवरची पिशवी उचलली आणि शेजारच्या जागेवर ठेवली.

खेमी वाकलेली होती ती सरळ झाली. वरची दांडी धरून उभी राहिली. कंडक्टरने घंटी दिली आणि बस तळोद्याच्या रस्त्याला लागली.